भांडणाची भांडी

घरात चार भांडी असली की आवाज होणारच, असं ज्यांनी म्हणून ठेवलंय त्यांच्या घरात पितळेची भांडी असणार. आमच्याकडे सध्या पोर्सेलिनची आहेत, आणि आवाज करायची सोय म्हणून राहिलेली नाही.

बायकोच्या नोकरीपायी आम्ही जपानात, शिकोकू बेटावरच्या मात्सुयामात राहतो. इथून बसने तासाभराच्या आत तोबे नावाचं भांड्यांचं गाव लागतं. एका रविवारी तिथे 'नुसतं बघायला' गेलो. बायको खरंच नुसतं बघत होती. विरघळलो तो मी. पांढरंशुभ्र अंग, गुबगुबीत काठ आणि त्यावर हाताने काढलेली निळी वेलबुट्टी. एकसारख्या वाटणाऱ्या पाचही ताटल्या नीट पाहिल्या तर प्रत्येकीवरची वेल वेगळीकडे वळलेली. "ह्यांना भांडणाची भांडी म्हणतात," दुकानातल्या बाई हसून म्हणाल्या. "नवरा-बायकोच्या भांडणात फेकली तरी फुटत नाहीत." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उघडली.

आम्ही माणसं दोन, ताटल्या पाच. चारचा सेट का नाही, म्हणून विचारलं. जपानीत चारला 'शी' म्हणतात आणि मरणालाही 'शी', म्हणून पाच. मराठीत 'शी'चा अर्थ काय, हे सांगायची ती वेळ नव्हती.

तिथेच स्वतःच्या हाताने ताटली रंगवायची सोय होती. रंग कोबाल्टचा, त्याला गोसू म्हणतात. लावताना तो मळकट काळपट दिसतो. पुढे झिलई चढवून 1300 अंशांच्या आसपास भाजला की मग निळा उमलतो. एकदाच भाजलेली ती कोरी ताटली टीपकागदासारखी रंग पिते. ब्रश क्षणभर थबकला की डाग, आणि खोडरबर नाही. मी हौसेने कोयरी काढायला घेतली. शेपटीच्या वळणावर जरा विचारात पडलो, तेवढ्यात कोयरीचं वांगं झालं. शिकवणाऱ्या बाईंनी मान तिरकी करून ते वांगं पाहिलं आणि म्हणाल्या, "अजी गा आरु." शब्दशः अर्थ, 'चव आहे'. जपानी माणूस ह्याहून वाईट बोलत नाही.

मग साताऱ्याहून आई आली. सोबत मेतकूट, तारेची घासणी आणि एक स्टीलचं पातेलं. ("तिकडे मिळतं-न-मिळतं.")

"चिनी मातीची का रे?"

"नाही गं, जपानी."

"मग जपानी मातीची म्हण."

मी जोशात इतिहास सांगितला. इथे धार लावायच्या दगडांच्या खाणी होत्या, त्यातून उरलेल्या टाकाऊ चुऱ्यापासून 1777 साली इथलं पहिलं पोर्सेलिन भाजून निघालं, वगैरे. आईने ताटली हातात तोलली. "म्हणजे दगडच की. तरीच घासताना मनगट भरून येतं."

तारेची घासणी मी लपवली. ताटलीच्या बुडाला जी गोल कडा असते तिला झिलई नसते. ती खरखरीत राहते आणि एकावर एक ठेवली की खालच्या ताटलीला ओरखडे काढते. म्हणून दोन ताटल्यांच्या मध्ये कागद. आमटीचा ओघळ त्या कडेपर्यंत पोचला तर हळद तिथे मुक्कामाला. निळ्या-पांढऱ्या जपानी सौंदर्याला खालून पिवळी किनार, हे आमच्या घराण्याचं योगदान.

पण खरी पंचाईत भांडणात. आमच्याकडे रागावलेलं माणूस बोलत नाही, भांडी लावतं. लहानपणी आई ओट्यावर वाट्या लावायला लागली की बाबा पेपर घेऊन गच्चीवर जात, आणि शेजारच्या काकू दूध आणायचं निमित्त करून डोकावत. आता डोक्यात राग, आणि हातात हाताने रंगवलेली ताटली. ती दोन्ही हातांनी, अलगद, मध्ये कागद घालून ठेवायची. तिसऱ्या ताटलीपर्यंत आपण कशावरून चिडलो होतो तेच आठवत नाही.

परवा मात्र आठवत होतं. कचरा बाहेर नेऊन ठेवायची पाळी कुणाची, हा विषय. मी वांग्याची ताटली जरा ठसक्यात ठेवायला गेलो आणि ती ओल्या हातातून सुटली.

आवाज झाला. पण तो फुटल्याचा नव्हता, दणका होता. तिघंही गुडघ्यांवर बसून पाहू लागलो. ताटलीला टवकासुद्धा नाही. लाकडी जमिनीला मात्र चंद्रकोरीएवढी खोक. घर भाड्याचं, आणि घर सोडताना अनामत रकमेतून असल्या खोकांचे पैसे कापतात.

"दुकानातल्या बाई खरं बोलल्या," बायको म्हणाली. तिथे आता पायपुसणं आहे. स्वयंपाकघराच्या बरोब्बर मधोमध.

आई गेल्या आठवड्यात परत गेली. बॅग भरताना मी ते स्टीलचं पातेलं तिच्यापुढे धरलं, तर तिने ते परत ओट्यावर ठेवलं.

"असू दे इथेच," ती म्हणाली. "आपटायला."