कार्डं कमी करताय? असा अविचार नको

ऐकलं ते खरं का? तुम्ही म्हणे क्रेडिट कार्डं कमी करणार आहात. सात आहेत, त्यातली दोन ठेवायची, पाच बंद, आणि व्यवहार सुटसुटीत. घरी जाहीर करूनही झालं. जरा थांबा. सुटसुटीत व्यवहाराचे दुष्परिणाम तुम्हाला कुणी सांगितलेले दिसत नाहीत.

मुळात मग तुम्ही महिनाभर करणार काय? आज सात कार्डांच्या सात बिलतारखा आहेत आणि पैसे भरायच्या सात शेवटच्या तारखा. त्यांची तुम्ही एक्सेल शीट केलीय, तिला रंग दिलेत, लाल रंग दिसला की छातीत धडधडतं. एका बँकेचं स्टेटमेंट उघडायला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माची तारीख-महिना लागतो. दुसरीला जन्मतारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. तिसरीला पुन्हा नावाची चार अक्षरं, पण स्मॉलमध्ये. लग्नाचा वाढदिवस तुम्ही दोनदा विसरलात, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता. इतकं कमावलेलं ज्ञान दोन कार्डांवर वाया घालवायचं?

शिवाय तुमची समाजातली ओळख. हॉटेलात बिल आलं की सगळ्यांच्या आधी हात कुणाचा जातो? तुमचा. ‘मी भरतो, तुम्ही मला जीपे करा.’ कारण त्या कार्डावर शनिवार-रविवारी जेवणाचे दुप्पट पॉइंट आहेत. पाचांपैकी तिघं तिथल्या तिथे पैसे टाकतात, चौथा घरी जाऊन टाकतो, आणि पाचवा गेल्या दिवाळीपासून ‘अरे हो, राहिलंच की’ म्हणतोय. त्या जेवणाचे पॉइंट आले ४० रुपयांचे, पाचव्याकडे अडकले ६५०. पण हिशेब असा करायचा नसतो. पॉइंट तर आले ना?

आता वार्षिक फी. ‘लागत नसलेल्या कार्डाची फी कशाला भरू?’ असं म्हणून तुम्ही कार्ड बंद करायला निघालात, हा तर शुद्ध आळस. फी भरायचीच नसते, माफ करून घ्यायची असते. समजा फी १,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०. वर्षात दोन लाख खर्च केले की माफ. अकराव्या महिन्यात ॲप उघडून बघता तो खर्च १,८२,००० झालेला. उरले १८ हजार. किराणा आधीच भरलेला, पेट्रोल हिशेबात धरत नाहीत, घरभाडं कार्डाने दिलं तर वर वेगळा आकार. मग तुम्ही काय केलंत? घरात झाडू मारणारा रोबो आणलात. १,७७० वाचले. रोबो सोफ्याखाली अडकतो, म्हणून मावशी आधी त्याला उचलून बाजूला ठेवतात आणि मग झाडून घेतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणणारे म्हणोत, त्यांच्याकडे रोबो नाही.

विमानतळावरचं लाउंज हा तर आपल्या संस्कृतीचा भाग झालाय. विमान साडेनऊचं, तुम्ही सहाला घरून निघालात, कारण कार्डावर दोन रुपयांत नाश्ता. दारात पंचवीस माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात तीन-तीन कार्डं. कुठलं चालतं हे मशीनला विचारावं लागतं, कारण हल्ली बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असेल तरच आत सोडतात. तुमचं तिसरं कार्ड चालतं. आत गार उपमा आणि मशीनची कॉफी. दोन्ही दोनदा घ्यायचं असतं. पैसे वसूल.

आता जो विषय निघाला की तुम्ही पंखा बघायला लागता, तिकडे वळू. किमान देय रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू. बँकेची माया खरी दिसते ती इथे. बिल ५०,००० आलं तरी ती म्हणते, राहू दे रे, २,५०० भर फक्त. तुम्ही भरता. उरले ४७,५००. त्यावर महिना साडेतीन टक्के म्हणजे सुमारे १,६६० व्याज, व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास ३००. पुढच्या महिन्यात एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही तरी बाकी साधारण ४९,४६०. अडीच हजार गेले आणि कर्ज साडेपाचशेही कमी झालं नाही. आणि हा हिशेब मी हात राखून केलाय. प्रत्यक्षात पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, आणि नव्या खरेदीवरची ती ‘४५ दिवस बिनव्याजी’ची गंमतही संपते. त्या कार्डावर आज घेतलेल्या दुधाला आजपासून व्याज. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, पण आवळ्यावर पॉइंट मिळतात हे विसरू नका.

यात सरकार, कोर्ट कुणीतरी मध्ये पडेल अशी आशा असेल तर तीही सोडा. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांवर व्याज लावणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२. सावकार म्हटलं की आपल्याला धोतर, काठी आणि लाल वही आठवते, म्हणून हे लक्षात येत नाही इतकंच.

तरीही तुम्हाला खर्चच कमी होईल असं वाटत असेल, तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन या. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी अजून आहे. तिच्या बरोबर खाली क्यूआर कोड लावलाय, आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तुम्ही पाटी वाचत वाचतच पाव किलो शेंगदाणे उधारीवर नेता. वाण्याला पत्ता नाही.

मेहुण्यांशी बोललात का? अवश्य बोला. ‘दाजी, बंद नका करू, सिबिल पडेल,’ असं ते काळजीने सांगतील. सिबिल म्हणजे कर्ज फेडण्यातली तुमची पत सांगणारा आकडा. (गेल्या वर्षी त्यांच्याच लिंकवरून तुम्ही पाचवं कार्ड घेतलंत आणि त्यांना दोन हजार पॉइंट मिळाले, याचा इथे काही संबंध नाही.) ते म्हणतात त्यात तथ्यही आहे. सगळ्या कार्डांची मिळून मर्यादा सहा लाख आणि तुम्ही वापरता ६०,०००, म्हणजे दहा टक्के. मर्यादा तीन लाखांवर आली की तोच वापर वीस टक्के दिसतो. तीस टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, तर तुम्ही आतच आहात, सर्वात जुनं कार्ड ठेवलंत तर फारसं काही बिघडतही नाही. पण ३०० ते ९०० या पट्टीवर तुमचा ७८१चा ७७० झाला तर? तुम्हाला कर्ज घ्यायचं नाही, घर झालंय, गाडी फिटलीय, हे मान्य. पण दहावीला काठावर पास झालेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच इतके मार्क मिळालेत. ते जपायलाच हवेत.

इतकं सांगूनही ऐकणार नसाल, तर निदान पद्धत तरी माझी वापरा. कात्री घ्या, कार्डाचे चार तुकडे करा, फोटो काढून स्टेटसला टाका. चाळीस जण अंगठे दाखवतील. बँकेला मात्र काही कळवू नका. प्लास्टिक कापल्याने खातं बंद होत नाही, त्यामुळे फी वेळच्या वेळी लागत राहील, तिच्यावर उशिराचा दंड चढेल, आणि मेहुण्यांचं सिबिलबद्दलचं भाकीतही खरं होईल.

हटकून जे करू नये ते असं: पॉइंट आधी वापरून टाकणं, त्या कार्डाला जोडलेलं ओटीटी आणि विम्याचा हप्ता दुसरीकडे वळवणं, बाकी पूर्ण भरणं, आणि मग बँकेला ॲपवरून किंवा ईमेलने कळवणं. फोन केलात तर आधी नव्या कार्डासाठी एक दाबा, कर्जासाठी दोन दाबा, आणि तुमचं काम सर्वात शेवटी. मग एक गोड आवाज कारण विचारेल. ‘फी जास्त आहे’ म्हणालात तर फी माफ. ‘वापर होत नाही’ म्हणालात तर कुठे वापरायचं याची यादी. ‘मिसेसना आवडत नाही’ म्हणालात तर मिसेसच्या नावाने ॲड-ऑन कार्ड, मोफत. ही तिन्ही कारणं जरूर द्या. ‘कारण काही नाही, बंद करायचंय’ हे वाक्य तेवढं टाळा, कारण त्याचं उत्तर त्यांच्या कागदावर लिहिलेलं नसतं आणि कार्ड खरोखरच बंद होतं.

आणि रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबद्दलचे निर्देश तर वाचूच नका. त्यात लिहिलंय की वर्षभराहून जास्त न वापरलेलं कार्ड बँकेने तुम्हाला कळवून, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर, स्वतःच बंद करावं. म्हणून वर्षातून एकदा तरी प्रत्येक कार्डाने शंभराचं रिचार्ज करून ते जिवंत ठेवत चला. त्यातच असंही आहे की ग्राहकाने बंद करायला सांगितलं की बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत ते करायचं, पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह धरायचा नाही, आणि उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. दिवसाला पाचशे! खर्च शून्य आणि परतावा पाचशे, असं दुसरं रिवॉर्ड तुमच्या सातही कार्डांवर मिळून नाही. अट एकच, कार्डावर काही बाकी नको. म्हणजे तुम्हाला तशी काळजी नाही.