‘पुलांवर सेन्सर म्हणजे ठेकेदाराची कमाई’ : त्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं : इंग्रजांचे पूल कुणी हात न लावता शंभर वर्षं उभे आहेत, नवा पूल नीट बांधला तर तपासावाच लागत नाही, हलणारा पूल धोक्याचा, हे कुणालाही कळतं, आणि पुलाची हालचाल मोजणारा सेन्सर काही पूल धरून ठेवत नाही, ती निव्वळ ठेकेदाराची कमाई. लिहिणाऱ्याचा राग मला समजतो. पण यातले तीन मुद्दे चुकीचे आहेत आणि चौथा अर्धाच खरा आहे.

इंग्रजांच्या पुलांपासून सुरुवात करू. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल इंग्रजांच्याच काळातला, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला आणि एसटीच्या दोन बस घेऊन गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती, धोका आढळला नव्हता. पुराचं पाणी पायाखालची माती किती खरवडून नेईल, हे मे महिन्यात वरून बघून कसं कळणार? जे जुने पूल टिकले ते हात न लावता टिकलेले नाहीत. रेल्वे आपले पूल वर्षातून दोनदा तपासते, पावसाळ्याआधी आणि नंतर. तमिळनाडूतल्या समुद्रावरच्या, १९१४ च्या पांबन रेल्वे पुलावर तर आयआयटी मद्रासच्या मदतीने सेन्सर बसवले होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्या सेन्सरनी धोक्याचा इशारा दिला आणि रेल्वेने गाड्या थांबवल्या.

नव्या पुलांचं उत्तर थोडक्यात देता येतं. अमेरिकेत मिनिआपोलिसचा महामार्गावरचा पूल २००७ मध्ये कोसळला, १३ माणसं गेली. तो जेमतेम ४० वर्षांचा होता आणि सांध्यांवरच्या पोलादी पट्ट्या मुळातच कमी जाडीच्या होत्या. गुजरातमधला गंभीरा पूल १९८५ चा, तो जुलै २०२५ मध्ये पडला. चाळिशीतला पूल म्हातारा नसतो, पण तोपर्यंत डिझाइनमधली चूक आणि वाढलेली वाहतूक एकमेकांना गाठतात.

आता ‘हलतो म्हणजे धोका’. हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि सगळ्यात जास्त फसवाही तोच आहे. नागपुरात वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावर गाडी थांबलेली असताना बाजूने बस गेली की सीटखाली थरथर जाणवते. ती जाणवायलाच हवी. पूल भार घेतो तेव्हा वाकतो आणि परत जागेवर येतो. प्रत्येक पुलाची थरथरण्याची एक ठरावीक गती असते, सेकंदाला अमुक इतक्या वेळा. आत तडा गेला, बेअरिंग (खांब आणि पुलाच्या मधला, पुलाला सरकू देणारा आधार) जाम झालं किंवा खांबाचा पाया सुटू लागला, तर ती गती बदलते. हा बदल इतका बारीक असतो की आपल्या पाठीला कळत नाही, थरथर मोजणाऱ्या ॲक्सिलरोमीटर या सेन्सरला कळतो.

त्यातही नागपूरची अडचण वेगळी आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या रात्री दहाच्या आसपास उतरतो. काँक्रीटच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १०० मीटर लांबीत सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबी कमी-जास्त होते. एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे पुलाच्या भागांमध्ये मुद्दाम सोडलेली फट, त्यासाठीच असतो. तो माती-खडीने भरला की पुलाला सरकायला जागाच उरत नाही. तापमानाने थरथरण्याची गतीही बदलते, कधी कधी लहानशा तड्यापेक्षा जास्त. म्हणून एका दिवसाचं मोजमाप फारसं काही सांगत नाही. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं पूर्ण वर्षभर मोजलं की पुलाची नेहमीची चाल कळते आणि मगच बिघाड ओळखता येतो.

‘सेन्सर पूल धरून ठेवत नाही’ हे खरंच आहे. आणखी एक सांगतो : सगळं त्याला दिसतही नाही. काँक्रीटच्या आत गंजणाऱ्या तारा तो सहज पकडत नाही. गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली. तिथल्या मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजल्या होत्या, त्या माणसानेच जवळ जाऊन बघायला हव्या होत्या. शिवाय मोजमाप म्हणजे दर वेळी महागडी यंत्रणाच लागते असंही नाही. तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी प्लास्टरने चिकटवतात, शेजारी तारीख लिहितात. पट्टी तडकली म्हणजे तडा अजून वाढतोय. हे आपले इंजिनिअर कित्येक वर्षांपासून करतात आणि आजही करायलाच हवं.

सप्टेंबर २०२३ च्या पुरात पंचशील चौकातला नागनदीवरचा पूल खचला. अशा छोट्या पुलांना शेकडो सेन्सर नकोत. खांबावर पाण्याची पातळी मोजणारं आणि खांब कलला का ते सांगणारं एवढं उपकरण पुरेल. मोठी यंत्रणा डबल डेकर आणि नागपूरच्याच, केबलवर तोललेल्या रामझुल्यासारख्या पुलांसाठी ठेवावी.

ठेकेदाराच्या कमाईची शंका मात्र मी झटकून टाकत नाही. इटलीत जिनोव्हाच्या पुलावर कायमची सेन्सर यंत्रणा बसवा, असं मिलानच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सुचवलं होतं. ती बसली नाही, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो पूल कोसळून ४३ माणसं गेली. बसवून कुणी आकडेच बघितले नाहीत तरी तेच होईल. म्हणून विरोध यंत्राला करू नका, हिशेब मागा. टेंडरमध्ये नुसती बसवण्याची रक्कम आहे, की दहा वर्षांच्या देखभालीचीही? पुलांचे ऑडिट अहवाल महापालिका आणि महामेट्रो लोकांसमोर ठेवणार का? आणि रात्री दोन वाजता अलार्म वाजला, तर पुलावरची वाहतूक थांबवण्याचा अधिकार ड्युटीवर असलेल्या कोणत्या माणसाकडे आहे, हे लेखी मागा.