रूम टेंपरेचर, भुसावळ

भुसावळात राहणाऱ्या माणसाला ‘रूम टेंपरेचरला ठेवा’ असं सांगणारा एकतर परगावचा असतो, नाहीतर भाचा असतो. आमचा दोन्ही आहे. नाशिककडे एका वायनरीत लागला आणि २०१८च्या फेब्रुवारीत माझ्यासाठी खोकं घेऊन आला. आत सहा बाटल्या, सगळ्या २०१५च्या. कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि शिराझ या दोन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण, वर्षभर ओकच्या पिंपात मुरवलेलं.

“मामा, बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊनच टाकायची असते. ही थांबणारी आहे. दर मार्चला एक फोडा आणि चव वहीत लिहा. वाइन मोठी कशी होते ते कळेल.”

छत्तीस वर्षं रेल्वेत काढल्यामुळे थांबणं या विषयात मला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नव्हतं. वही आणली, समास आखला. (परवाना काढलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या कॉलनीत बाटलीचा आवाज हॉर्नच्या आधी पोचतो.)

पहिली बाटली ३१ मार्चला फोडली. पेला तिरका करून पांढऱ्या कागदावर धरायचा असतो. पांढरं म्हणून लाइटबिलाची मागची बाजू सापडली. कडेला रंग जांभळ्या शाईसारखा, म्हणजे वाइन अजून पोरसवदा. मग वास. बाटलीवर लिहिलं होतं, ब्लॅककरंट आणि सीडर. ब्लॅककरंट मी जन्मात पाहिलेलं नाही. सीडर म्हणजे शिसपेन्सिल सोलताना येतो तो वास, असं भाच्याने फोनवर सांगितलं. तेव्हा नातवाचं कंपास उघडून मी पाळीपाळीने पेन्सिल आणि पेला हुंगत बसलो. सून दारातून बघून काही न बोलता परत गेली.

घोट घेतला आणि हिरड्या आवळल्या. वहीत लिहिलं : ‘कच्चं केळ. जीभ सोलल्यासारखी.’

भाचा खूश! ते टॅनिन, म्हणाला. द्राक्षाच्या सालीतून, बीतून आणि थोडं पिंपाच्या लाकडातून येतं. वर्षं जातात तसे त्याचे कण एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात, काही तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. हे मला पटकन कळलं, कारण कच्च्या केळाचा तुरटपणाही पिकल्यावर कुठे पळून जात नाही. त्याचं टॅनिन आपसात गोळा होऊन बसतं आणि जिभेच्या वाट्याला येत नाही. रावेर-यावलच्या पोराला एवढं समजायला फ्रान्सला जावं लागत नाही.

उरलेल्या पाच बाटल्या आडव्या ठेवायच्या होत्या, म्हणजे बूच ओलं राहतं. आणि बारा-तेरा अंशांना. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नळाखाली हात धरला तर हात मागे येतो. मी बाटल्या लोखंडी कपाटात धोतरात गुंडाळून ठेवल्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कपाटाला आंबूस वास यायला लागला. एका बाटलीचं बूच आतल्या फुगण्याने अर्धा बोट वर आलेलं आणि धोतरावर जांभळा डाग. तो हिने आजतागायत धुऊ दिलेला नाही, पुरावा म्हणून.

मग फ्रिज. तिथे कोथिंबिरीच्या जुडीखाली बाटल्या पाहून ही म्हणाली, “अहो, एक तर त्या राहतील, नाहीतर दूध.” दूध राहिलं. मग कूलरच्या टाकीत, पाण्यात. आठ दिवसांत लेबलं सुटून पंपात अडकली. कूलर बंद, बाटल्या निनावी. त्या रात्री घरात मला कोणी वाढलं नाही.

२०१९चा मार्च त्याच चुकांचं फळ होतं. बूच वर आलेली बाटली फोडली. वास शिजवलेल्या मुरंब्याचा, चव करपलेल्या गुळाची. आईने लांबूनच नाक मुरडलं. “हे तं आंबून गेलं रे बाबा. कायले जपून ठेवलं याले?” आई पंच्याऐंशीची. दारूला शिवत नाही, पण चाळीस वर्षांचं लोणचं तिच्या बरणीत आहे. आणि ती वासावर बोलते.

उपाय निघाला सावद्यात. माझा चुलतभाऊ केळीवाला, त्याचं कोल्ड स्टोरेज. तिथे हिरवी केळी तेरा-चौदा अंशांना ठेवतात. त्याखाली उतरलं की साल काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. मी तो आकडा ऐकला आणि उठून उभाच राहिलो. फ्रान्समधल्या तळघरांना जे लागतं, तेच आमच्या केळीला लागतं! इतकी वर्षं आख्खा जळगाव जिल्हा जागतिक दर्जाच्या वातानुकूलित तळघरांवर बसला होता आणि त्यात फण्या रचत होता. उरलेल्या चार बाटल्या एका क्रेटमध्ये, सुतळीने बांधून, कोपऱ्यात. हमाल तिला ‘दादांचं औषध’ म्हणायचे. दर खेपेला विचारायचे, पिकलं का.

२०२०चा मार्च लॉकडाउनमध्ये गेला. सावदा गाठणं शक्य नव्हतं, बाटली जूनमध्ये आली. कडेचा जांभळा रंग जाऊन डाळिंबी आलेला, तुरटपणा निम्म्यावर. मी वहीत उत्साहाने लिहिलं : ‘किंचित केळाचा वास.’ भाचा घाबरला. केळाचा वास ताज्या, कोवळ्या वाइनला येतो म्हणे, पाच वर्षांच्या वाइनला कसा येईल? काही बिघडलं का? दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी हिने बाटली पुसली, तेव्हा फडक्यालाच केळाचा वास.

२०२१च्या मार्चमध्ये मला कोरोना झाला होता. वहीत त्या पानावर एवढंच आहे : ‘रंग सुंदर. बाकी पाणी.’ भाच्याचा अजून समज आहे की ती टीका होती.

२०२२ची बाटली चांगली होती. व्याही आले होते. संपली.

राहिली शेवटची, २०२३ची. फोडायच्या दोन दिवस आधी बाटली उभी केली, गाळ खाली बसावा म्हणून. बूच निम्म्यात तुटलं, उरलेलं आत गेलं. चहाची गाळणी उकळत्या पाण्यातून तीनदा काढली, तरी आल्याचा वास जाईना. शेवटी आईचं सोवळ्याचं मलमल मिळालं, कसं ते विचारू नका. बॅटरीच्या उजेडात बाटलीचा गळा बघत हळूहळू ओतलं. तळाला काळपट चिखल राहिला. आई म्हणाली, “गाळ बसला म्हणजे निवळलं.” पावसाळ्यात तापीचं गढूळ पाणी तुरटी फिरवून तिने जन्मभर निवळलेलं आहे, त्यामुळे बोलण्याचा हक्क तिचाच.

पेला कागदावर धरला. कडेला विटकरी रंग. जुनी वाइन पेल्यात हवा लागेल तशी बदलते, म्हणून वहीत तीन रकाने आखले होते : सात, आठ, नऊ. सातला बंद खोली उघडल्यासारखा वास, थोडं ओलं चामडं. मी जरा हिरमुसलो. आठला तोच पेला, आणि वाळलेलं अंजीर, मिरी, पेन्सिल. हो, पेन्सिल! नातू आता आठवीत, कंपास मागायची गरज पडली नाही. जिभेवर काहीच टोचत नव्हतं. मी पेला आईच्या नाकाजवळ नेला. तिने डोळे मिटून एकदा ओढलं, बरणीचं झाकण उघडताना ओढते तसं. “मुरलं,” म्हणाली, आणि माळ ओढायला लागली.

नऊच्या रकान्यासाठी पेल्यात दोन बोटं राखली, वर बशी झाकली आणि अंगणात फेऱ्या मारायला गेलो. नऊला पाच कमी असताना आत आलो. ओट्यावर पेला उपडा होता, खाली पाण्याचे थेंब.

“अहो, उष्टं झाकून काय ठेवता? मुंग्या येतील,” ही आतून म्हणाली.

रकान्यात लिहिलं : ‘नऊ : धुतली.’