शेवट सांगून तुम्हाला मिळतं काय?

टाळकं फिरलंय माझं. दोन दिवस झाले तरी राग उतरेना, म्हणून लिहितोय.

पुतणी चार दिवसांसाठी साताऱ्यात आलेली. वाचणारी पोरगी. 'सायको'चं तिनं नुसतं नाव ऐकलेलं, बाकी काही माहीत नाही. रील्सच्या जमान्यात एकोणीस वर्षांच्या पोरीला 1960 सालच्या या पिक्चरचा शेवट माहीत नसावा, हे केवढं भाग्य! मी तर हरखून गेलो. रॉबर्ट ब्लॉकची मूळ कादंबरी (1959 ची) माझ्याकडे आहे, तीसुद्धा कपाटात मागच्या रांगेत ढकलली, तिनं चाळू नये म्हणून. आधी पिक्चर, मग पुस्तक, मग रात्रभर गप्पा असं सगळं ठरवलेलं. कादंबरीतला मोटेलवाला नॉर्मन चाळिशीचा, जाडा, दारू पिणारा. पिक्चरचा दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं त्या जागी अँथनी पर्किन्स घेतला, काटकुळा, लाजरा, बघताच माया वाटावी असा. हा फरक तिचा तिला सापडायला हवा होता.

शनिवारी रात्री लावला. यवतेश्वरच्या बाजूनं पाऊस झोडपत होता, पडद्यावरही पाऊस. हायवे दुसरीकडून गेला म्हणून ओस पडलेलं मोटेल. (जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांवर कशी अवकळा येते ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको.) बाथरूममधल्या खुनाच्या प्रसंगाला पोरीनं उशी तोंडावर ओढली. जेमतेम पाऊण मिनिटाचा प्रसंग, शूटिंगला सात दिवस लागलेले. आणि ती व्हायोलिनं! बर्नार्ड हरमननं सबंध पिक्चरचं संगीत फक्त तंतुवाद्यांवर केलंय.

मग ती दलदल. खून लपवायला नॉर्मननं आत ढकललेली गाडी बुडत जाते आणि मध्येच थांबते. टप वरच. नॉर्मन काहीतरी चघळत इकडं तिकडं बघतो. आणि आपण, चांगली शहाणीसुरती माणसं, मनातल्या मनात म्हणतो, बुड गं बाई, बुड लवकर! आपण कधी त्याच्या बाजूला गेलो ते आपल्यालाच कळत नाही. पोरीचा भडंगाचा घास हातातच राहिलेला. श्वास रोखलेला.

त्याच क्षणी आमचे दाजी पाणी प्यायला बाहेर आले. उभ्या उभ्या टीव्हीकडं बघितलं आणि म्हणाले, "हा होय! बघितलाय मी. ह्यात शेवटी..." आणि एका वाक्यात सगळं ओकून मोकळे. पाणी प्यायले, झोपायला गेले.

ते वाक्य मी इथं लिहिणार नाही.

बहिणीचा नवरा, बोलणार काय! दात-ओठ खाऊन गप्प बसलो. अहो, त्या हिचकॉकनं समीक्षकांनासुद्धा आधी खेळ दाखवला नव्हता. पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही अशा पाट्या थिएटरबाहेर लावलेल्या. शेवट कुणाला सांगू नका म्हणून प्रेक्षकांना विनवण्या केलेल्या. एवढं ज्यानं जिवापाड जपलं, ते तुम्ही तांब्याभर पाणी पिता पिता घालवता?

सकाळी बहिणीजवळ विषय काढला तर म्हणे, "एवढं काय रे, साठ वर्षांपूर्वीचा पिक्चर!" असेल. पण त्या पोरीसाठी तो त्या रात्रीचाच होता ना? पहिल्यांदा बघणं जन्मात एकदाच असतं. ते तिचं होतं. तुमचं कधीच बघून झालंय, मग दुसऱ्याच्या ताटातलं का उचलता? आणि हे एकटे दाजी नाहीत. ऑफिसात तेच, लग्नाच्या पंगतीत तेच, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेच. "मला माहितीय" एवढं दाखवायला माणसं दुसऱ्याचा अख्खा आनंद मातीत घालतात आणि वर आपल्यालाच चिडका म्हणतात.

उरलेला निम्मा पिक्चर तिनं बघितला, माझ्यासाठी. एका हातात मोबाईल. कुठं दचकणं नाही, काही विचारणं नाही. नुसतं "हां, म्हणजे हे त्यामुळं होय" म्हणायची.

रविवारी निघताना मी कपाटातून पुस्तक काढून तिच्यापुढं धरलं. म्हणाली, "राहू दे काका, आता काय वाचू."