कोणालो रे तूं?

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून फोंड्याच्या घरी चाळीस माणसं जेवायला बोलावली. बेत एवढाच होता. पण बंगळुरूहून भाची आली आणि म्हणाली, "मामा, पाहुणे एकमेकांत मिसळायला हवेत. आइसब्रेकर गेम्स ठेवूया."

"श्रावणात बर्फ कशाला गो? मासळी थोडीच आणायचीय," आमची ही म्हणाली.

गोव्यात माणसं मिसळावी लागतात हे मला नवीनच. इथे दोन अनोळखी भेटले की पहिला प्रश्न, "कोणालो रे तूं?" म्हणजे कोणाचा रे तू? मग गाव, मग देव. एकाची कवळ्याची शांतादुर्गा, दुसऱ्याची म्हार्दोळची म्हाळसा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपायी दोघीही झुआरी ओलांडून इकडे आलेल्या. तिसऱ्या मिनिटाला एकाची आतेबहीण दुसऱ्याच्या मावसभावाला दिलेली निघते.

तरी भाचीने बिंगोचे कागद वाटले. सोळा चौकोन, प्रत्येकात लिहिलेला माणूस शोधायचा आणि त्याची सही घ्यायची. पहिलाच चौकोन, 'मासे न खाणारा'. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ती उठते न उठते तोच श्रावण. चतुर्थीपर्यंत आमच्याकडे सगळेच संत. चाळीसच्या चाळीस जण एकमेकांच्या कागदावर दुःखी चेहऱ्याने सह्या करत बसले.

दुसरा चौकोन, 'या घरात पहिल्यांदाच आलेला'. असा एकच निघाला, केटररकडचा वाढपी पोरगा. सगळे पेन घेऊन त्याच्यामागे. तिकडे मिसळ भाज्यांचं खतखतें निवत होतं. शेवटी मावशीने त्याला धरून विचारलं, "कोणालो रे तूं?" तो तिच्या धाकट्या जावेच्या माहेरचा निघाला. मावशीने त्याला खुर्चीवर बसवलं आणि वाढायला मी उठलो.

पाठीवर नाव चिकटवून ओळखायचा खेळ दोन मिनिटांत आटोपला. गुपित पोटात ठेवणारं माणूस आमच्या खानदानात नाही.

उरला शेवटचा खेळ. स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. ऐंशी ओलांडलेले आबा उठले. "१६ जानेवारी १९६७. मी फुलावर शिक्का मारला. मी दोन पानांवर शिक्का मारला. मी मतदानालाच गेलो नाही."

"आबा, यातल्या दोन खऱ्या कशा असतील?" भाची म्हणाली. पण तिचं ऐकायला होतंय कोण! गोव्याचा जनमत कौल तो. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, पानं म्हणजे गोवा वेगळा. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली, आणि तो हिशेब आमच्या घरात अजून मिटलेला नाही. फुलवाले काका खिडकीकडून उठले, पानवाले दाराकडून. तासभर कोणीच आपल्या जागेवर नव्हतं.

"बघ, मिसळले," मी भाचीला म्हटलं.

"पण खरं कुठलं?" तिने आजींना विचारलं.

"पंचावन्न वर्षं संसार केला बाय. मलासुद्धा सांगितलेलं नाही."

आबांनी पान पुढे सरकवलं आणि खतखतें मागितलं.