‘त्या बायकांना रोज गोळी जमणार नाही’ हे कोणी ठरवलं?

परवापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळी निघालीय पण ती एड्सच्या पेशंटची आहे, तिने किडनी जाते, लोक कंडोम सोडतात, आणि धंद्यातल्या बायकांना न् तृतीयपंथीयांना सांगून काही उपयोग नाही कारण त्यांना रोज गोळी जमत नाही. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

पेशंटची गोळी हे अर्धवट खरंय. या गोळीत टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं असतात, ती उपचारातही वापरतात, पण तिथे सोबत तिसरं औषध लागतं. लागण नसलेल्याच्या अंगात ही दोन आधीपासून असली की व्हायरस शिरला तरी त्याला वाढताच येत नाही. याला प्रेप म्हणतात. अमेरिकेत २०१२ ला मंजुरी मिळाली, २०१५ ला डब्ल्यूएचओने जास्त धोका असलेल्या सगळ्यांसाठी शिफारस केली, आणि सिप्ला वगैरे आपल्याच कंपन्या ती बनवतात.

किडनीचं म्हणाल तर म्हणूनच क्रिएटिनिन (किडनीवर ताण आला की रक्तात वाढतं ते) तपासतात, आणि क्वचित कोणाचं वाढलंच तर गोळी बंद केल्यावर बहुतेकदा खाली येतं. सुरुवातीला मळमळतं थोडं. पण खरी काळजीची गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच! गोळी सुरू करण्याआधी एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह पाहिजे, नाहीतर आधीच लागण असलेल्याला दोनच औषधं पुरत नाहीत आणि व्हायरस त्यांना दाद देईनासा होतो, आणि हिपॅटायटिस बी असेल तर गोळी मनाने सोडायची नाही, लिव्हरवर येतं.

आता ते ‘जमत नाही’. याला आधार आहे हे मी कबूल करतो. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेमधल्या पाच हजारांवर बायकांवर व्हॉइस नावाची ट्रायल झाली होती, त्यात गोळी फेल गेली. विचारलं की म्हणायच्या घेतो, पण रक्त तपासलं तर ज्यांना ही गोळी दिली होती त्यांच्या रक्ताच्या एक तृतीयांशपेक्षाही कमी नमुन्यांत औषध सापडलं. बायका अडाणी म्हणून असं झालं का? नाही हो. नंतर त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की नवऱ्याने किंवा शेजारणीने डबी बघितली तर हिलाच एचआयव्ही आहे म्हणतील ही भीती होती. म्हणजे ‘ही एड्सवाल्यांची गोळी’ असं जे तुम्ही फॉरवर्ड करताय ना दादा, तेच कारण!

आणि आपल्याकडे काय झालं ते बघा. कोलकात्याच्या सोनागाछीत दुर्बार आणि म्हैसूरमध्ये अशोदया, दोन्ही धंद्यातल्या बायकांनीच चालवलेल्या संस्था, त्यांनी दोन्हीकडे मिळून १३०० च्या आसपास बायकांना प्रेप दिलं. गोळी घेतली का हे विचारायला कोणी बाहेरची मॅडम नाही, त्यांच्यातलीच एक यायची, आधी वस्तीत, कोठ्यांच्या मालकिणींशी, घरच्यांशी बोलून मग सुरुवात केली. एकीलाही नवीन लागण झाली नाही. काहीजणींचं रक्त तपासलं तर बहुतेकींच्या रक्तात औषध होतं. कंडोमही सुटला नाही, म्हणजे तो मुद्दाही तिथेच गेला. (कंडोम लागतोच, गर्मी-परमा असले गुप्तरोग, दिवस जाणं यातलं काही ही गोळी थांबवत नाही.)

मग अडलंय कुठे, तर ही गोळी आहे हेच वस्तीत फार जणींना माहीत नाही, आणि माहीत झालं तरी बहुतेक ठिकाणी मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते, तेही डॉक्टरने चिठ्ठी दिली तर. कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं औषध वेगळं असतं, ते तर सुशिक्षित लोकांनाही माहीत नसतं, ग्रुपवर विचारून बघा.

आता तर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर इंजेक्शन आलंय, २०२४ च्या ट्रायलमध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ते घेणाऱ्या २१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची गोळीच नाही म्हटल्यावर पुढच्या फॉरवर्डमध्ये काय कारण देणार ते बघायचंय.