‘बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा’ हा सल्ला का पाळू नये

पिकअप चालवणाऱ्यांत दर हिवाळ्यात एक सल्ला फिरतो. थोडक्यात असा: बर्फात निघण्याआधी ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच गरगरू लागलं की ते आवरणारी यंत्रणा) बंद करा, ते इंजिनाची ताकद कापतं, स्नो मोड ही नुसती शोभा, फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर) लावलं की हिवाळी टायर लागत नाहीत, मागचं डिफरन्शियल (दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारा आणि त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) लॉक करून ठेवा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतील, आणि दर वेळी बटण दाबायचा कंटाळा असेल तर फोनवरच्या ॲपने ट्रॅक्शन कंट्रोल कायमचं बंद करून टाका. माणसं हे विश्वासाने पाळतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो पटतो. चाकं भुसभुशीत बर्फात खोल रुतली असतील तर चाक जरा गरगरलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करतं आणि गाडी जागच्या जागी अडकून पडते. अशा वेळी ते जरूर बंद करा, पुढे-मागे झोके देत गाडी बाहेर काढा. पुष्कळ गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतही हेच लिहिलेलं असतं. पण हा उपाय चालण्याच्या वेगाचा आणि दोन-चार मिनिटांचा आहे. रस्त्याला लागल्यावर त्याचा उपयोग संपतो.

शिवाय ताकद कापणं एवढंच ट्रॅक्शन कंट्रोलचं काम नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो आणि तो किती, हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. डावं चाक बर्फावर असेल तर ते नुसतं गरगरतं, आणि कोरड्या डांबरावरच्या उजव्या चाकाला जोरच मिळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल त्या डाव्या चाकाला ब्रेक लावतं. ब्रेकचा विरोध आला की डिफरन्शियलमधून जास्त टॉर्क जाऊ शकतो, तेवढाच उजव्या चाकालाही मिळतो आणि गाडी निघते. म्हणजे ज्याला अडथळा म्हणून हिणवलं जातं, तेच कित्येकदा गाडी हलवत असतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बटणाची. बऱ्याच पिकअपमध्ये ते एकदा दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं; काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलही, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणाही, जातं. हे दुसरं प्रकरण फार वेगळं आहे. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, हे सेन्सर सतत ताडून पाहतात. मागचा भाग घसरून बाहेर निघाला तर पुढच्या बाहेरच्या चाकाला, पुढचा भाग वळणाबाहेर सरकत राहिला तर साधारणपणे मागच्या आतल्या चाकाला ब्रेक लागतो. कोणाही चालकाला एकाच चाकाला ब्रेक लावता येत नाही. पेडल एकच असतं. त्यात पिकअपचा हौदा रिकामा असेल तर मागच्या चाकांवर वजन कमी, म्हणून मागचा भाग सहज निसटतो. ही मदत जिला सगळ्यात जास्त हवी, तिचीच आपण काढून घेतो.

स्नो मोड शोभेचा नाही. तो लावला की ॲक्सिलरेटर तेवढाच दाबूनही इंजिन कमी जोराने प्रतिसाद देतं, गिअर लवकर वर चढतात, काही गाड्या थेट दुसऱ्या गिअरमध्ये निघतात. गफलत होते ती नावांत. निसरड्या रस्त्याचा मोड चाक फिरू देत नाही. खोल बर्फाचा किंवा वाळूचा मोड मुद्दाम थोडं फिरू देतो, कारण तिथे गती तुटली की गाडी बसते. बटण बंद करून जे हवं असतं, ते बरेचदा या दुसऱ्या मोडमध्ये मिळतं.

फोर-व्हीलने निघणं सोपं होतं. थांबणं नाही: चारही चाकांना ब्रेक तर प्रत्येक गाडीला असतातच, पुढे सगळं टायरवर. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, हिवाळी टायरचं लवचिक राहतं. टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण पाहा. ती बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळते. नुसत्या ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) या खुणेसाठी अशी चाचणी लागत नाही.

लॉक केलेल्या डिफरन्शियलबद्दल एवढंच: आडव्या उताराच्या निसरड्या रस्त्यावर मागची दोन्ही चाकं एकदम पकड सोडतात आणि गाडी आडवी घसरत खाली जाते.

राहिलं ॲप. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकाला फोन जोडणारं छोटं उपकरण) लावून मोठ्या टायरचं माप भरणं, स्पीडोमीटर बरोबर करणं ही रास्त कामं आहेत; आधी मूळ सेटिंगची प्रत जपून ठेवा आणि काम चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज पडू देऊ नका, नाहीतर गाडीतलं संगणकीय मॉड्यूल निकामी होऊ शकतं. सुरक्षाप्रणाली कायमची बंद करणं मात्र त्यात बसत नाही. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे, आणि फोर-लोसारखे (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) मोजके अपवाद सोडले तर गाडी पुन्हा सुरू केल्यावर ते आपोआप चालू व्हायला हवं, अशी अट त्याच नियमात आहे. काल रुतलेली गाडी काढताना दाबलेलं बटण आज सकाळी लक्षात राहीलच असं नाही. शिवाय ती गाडी उद्या घरातलं दुसरं कोणी चालवेल, आणि काय बंद आहे हे त्याला ठाऊकही नसेल.